फळ शून्य

स्फाक्स, २८ नोव्हेंबर

लल्ला मबरूका,

नऊ वेळा फोन केला. नवव्या वेळी तुझ्या नातीनं उचलला आणि म्हणाली, "आजी सांगते, आजी घरात नाही." मागून तुझा आवाज येत होता, कोंबड्यांना हाकलत होतीस. म्हणून हे पत्र. झारझीसला भाड्याची लुआज गाडी नेणाऱ्या सालेमकाकांकडे देते आहे. ते सगळ्यांची सामानं, औषधं, चाव्या नेतात, तसं हेही नेतील.

मला एवढंच सांगायचं आहे. सहाव्या पेल्यात तुझं ऑलिव्हचं तेल आहे हे मला ठाऊक नव्हतं. निळ्या काचेतून तेलाचा रंगही दिसत नाही, तिथं मालकिणीचं तोंड कसं दिसणार? आम्ही तिघं चाखणारे, तिघांच्या मध्ये आडोशाला लाकडी फळ्या, पेल्यावर फक्त आकडा. मी जे चाखलं ते लिहिलं. फळ शून्य, कडवटपणा दोन, तिखटपणा सात. ताज्या तेलात फळाचा वासच नसेल तर ते आपल्या तेलसंघाच्या बाटलीत जात नाही, हा नियम मी केलेला नाही. मोख्तारनं उत्तम म्हटलं, पण त्याला सगळंच उत्तम वाटतं. ओलफानं कमी गुण दिले. संघ सांभाळणाऱ्या लसादनं पाकीट फोडून तुझं नाव वाचलं तेव्हा माझ्याही हातातला कागद खाली आला.

धाकट्या बहिणीनं डूख धरला असं तू घाण्यावर चारचौघांत म्हणालीस. डूख धरायला माझ्याकडे कारण काय? धरायचाच तर तू धरायचा. असो.

तुझे डबे अजून वेगळे ठेवलेले आहेत. ९ जानेवारीला बंदरावरचा टँकर येईल, तेव्हा ते थोक टाकीत ओततील. यंदा नाही झालं तर पुढच्या वर्षी होईल. बाबांची ऑलिव्हची झाडं कुठं पळून जाणार आहेत?

माझं बरं आहे. हिरडी थोडी दुखते आहे, अक्कलदाढेची जुनी तक्रार.

तुझी फौझिया

स्फाक्स, ९ डिसेंबर

लल्ला,

सालेमकाका सांगत होते की तू पत्र घेतलंस, एप्रनच्या खिशात घातलंस आणि त्यांना गरम ताबूना भाकरी आणि अंडी खाऊ घातलीस. मी विचारलं, "काही बोलली?" तर म्हणाले, "बोलली ना. मीठ हवं का विचारलं."

फोन मी आता करणार नाही. लिहीन तेवढं वाच.

दाढेचं ते खरं नव्हतं. तोंड आलं आहे. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला तीन, जिभेच्या डाव्या कडेला एक, पांढरे, कडेनं लाल. सकाळी उठते तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असते. ब्रश केला की फेसात रक्त येतं. हरीसाची तिखट चटणी बंद केली आहे. हरीसाशिवायचं जेवण कसं असतं तुला माहीतच आहे, बाळंतिणीसारखं. दुपारी बिनमिठाची पातळ पेज करते आणि उभ्यानंच पिते. एकटीसाठी ताट कोण मांडणार? दाऊद गेल्यापासून तसंही टेबलाच्या एकाच कोपऱ्यावर जेवते.

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. डॉक्टर सिहेम, माझ्या वजदीच्या वयाची आहे. तिनं विचारलं, "मादाम, धूम्रपान?"

मी म्हटलं, "नाही."

"कधीच नाही?"

"माझ्या वयाच्या बाईला हे विचारतात का?"

ती ओशाळली. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि एक जांभळं औषध दिलं. आठ दिवस झाले, दात जांभळे झाले आहेत, फोड तसेच आहेत.

तुला हसू आलं असेल. येऊ दे. हे जगात फक्त तुलाच माहीत आहे, की मी ओढते. दाऊदला शेवटपर्यंत कळलं नाही. वजदीला नाही. दिवसाला तीन, संध्याकाळी, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या मागे, मग लवंग. छत्तीस वर्षं. आणि चाखणीच्या दिवशी काम संपेपर्यंत एकही नाही. हे मी कधी मोडलं नाही.

तर चांगली बातमी अशी की मी सिगारेट सोडली. सप्टेंबरपासून एकही नाही. वजदीच्या बायकोला दिवस गेले आहेत. ती आली होती तेव्हा माझी ओढणी उचलून म्हणाली, "अम्मा, शेजारी काही जाळतात का हो?" मी त्याच आठवड्यात सोडली. कुणालाच सांगू शकत नाही, म्हणून तुला सांगते. शाबासकी देणारंही कुणी नाही.

फौझिया

स्फाक्स, २१ डिसेंबर

लल्ला मबरूका,

मागच्या पत्रात "सोडली" लिहिलं. अर्धंच लिहिलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण आहे. त्याच्या काचेत कव्हरांच्या मागे व्हेपच्या नळ्या असतात. मी गेले आणि म्हटलं, मुलासाठी हवी.

"कुठली चव आवडते त्याला, हाज्जा?"

"पुदिना."

"जोर किती देऊ? हलका, मधला, कडक?"

मला काय कळतंय? म्हटलं, "जुना ओढणारा आहे."

"मग कडकच. आणि हाज्जा, त्याला सांगा, सावकाश. हे सिगारेटसारखं संपत नाही."

तेव्हा मला ते विक्रेत्याचं बोलणं वाटलं. पण तेच खरं होतं. सिगारेट संपते. विझवावी लागते, थोटूक लपवावं लागतं, हात धुवावे लागतात. छत्तीस वर्षं मी दिवसाला तीनच ओढू शकले, कारण लपवण्याचे कष्टच तेवढे होते. या नळीला वासच नाही. कुणी आलं की तळहातात झाकायची, बस. आधी गच्चीवर, मग स्वयंपाकघरात, मग अंथरुणात. घरात कुणी नाही, तर दर थोड्या वेळानं हात तिकडंच जातो. टीव्ही लावते तसं. छाती धडधडायची, उचकी लागायची, कपाळ ठणकायचं. मी म्हणायची, सिगारेट सुटते आहे त्याचं हे. आणि तोंडात सतत गारवा. फोडांवरही गारवा, म्हणून ते किती वाढले ते कळलंच नाही.

आता पुढचं लिहिते. काल लिहायला बसले होते, उठून कपबशा धुतल्या.

काल संघाच्या कपाटातून सहा नंबरच्या नमुन्याची उरलेली बाटली घरी आणली. पेला तळहातावर गरम केला, झाकण काढलं, वास घेतला. काही नाही. घोट घेतला. जीभ पेटली, आणि काही नाही. तेव्हा मला बरं वाटलं, लल्ला. लाज वाटते लिहिताना, पण बरं वाटलं, की मी बरोबर होते.

मग दोन नंबरची बाटली उघडली. तिला मी त्याच दिवशी फळ सहा दिलं होतं, कापलेल्या गवताचा आणि हिरव्या बदामाचा वास असं लिहिलं होतं. काही नाही. नुसती आग. मग घरातलं रोजचं तेल, मग सूर्यफुलाचं. सूर्यफुलाचं, ज्यात तिखटपणा औषधालाही नसतो. तेही जळलं. चार पेले ओळीनं आणि चारही सारखेच.

त्या दिवशी पहिले पाच पेले चाखल्यावर पंधरा मिनिटांची सुट्टी होती. सगळे सफरचंदाची फोड खात होते. मी बायकांच्या मोरीत गेले आणि नळी ओढली. दोनदा, तीनदा, मोजलं नाही. वास येत नाही ना, मग काय बिघडतं? नव्या मुलींना मी शिकवते की चाखणीच्या दिवशी अत्तर नको, कॉफी नको, पावडरसुद्धा नको. आणि मी पुदिन्यानं बधिर झालेली जीभ घेऊन परत जागेवर बसले.

सुट्टीनंतरचा पहिला पेला तुझा होता.

ओलफानं तुला आधी फळ चार दिलं होतं. मी खोकले, मान हलवली, तिनं फळीच्या कडेवरून माझा चेहरा पाहिला आणि चाराचे दोन केले. तेही मी पाहिलं होतं.

फौझिया

स्फाक्स, २ जानेवारी

लल्ला,

सालेमकाका म्हणाले, तू पत्र दारातच उभ्यानं वाचलंस, आणि त्यांना आत बोलावलं नाहीस. ते जरा रुसले आहेत. भाकरीची सवय झाली होती.

डॉक्टर सिहेमला खरं सांगितलं. सांगायचं म्हणून नाही, नळी पर्समधून तिच्या टेबलावर पडली म्हणून. मी म्हटलं, "मुलाची आहे." ती म्हणाली, "मग मुलाला तपासायला आणा." मी नळी परत माझ्याच बाजूला ओढून घेतली. मग ती म्हणाली, सिगारेट सुटली की काहींना असे फोड येतातच, महिनाभरात जातात. पण तोंड असं कोरडं, हिरड्या अशा, आणि ही एवढी कडक नळी दिवसभर, यानं ते भरायला सवडच मिळत नाही. जांभळं औषध तिनं काढून घेतलं. "तुम्ही मला खोटं सांगितलंत, मी तुम्हाला चुकीचं औषध दिलं," म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

ओठावरचे फोड भरतील म्हणते. जिभेच्या कडेच्या फोडाकडे तिनं दोनदा पाहिलं.

सोमवारी लसादकडे गेले होते. ठरवून गेले होते. तो म्हणाला, "या फौझिया, नव्या वर्षाच्या शुभेच्छा. काय काम?" मी म्हटलं, पेल्यांची झाकणं जुनी झाली आहेत, नवी मागवायला हवीत. वीस मिनिटं आम्ही झाकणांवर बोललो. उठताना विचारलं, टँकर नक्की कधी? "नऊ तारखेला सकाळी. एकदा ओतलं की मग तेल कुणाचं, हे अल्लाहलाच ठाऊक." मी हसले आणि घरी आले.

जिना चढताना मला आपली ती खोली आठवली. बाब जब्ली वेशीजवळची, एका खिडकीची. तुझं शिक्षिका होण्याच्या अभ्यासाचं दुसरं वर्ष चालू होतं आणि मी शाळेत होते. बाबा न सांगता आले होते, पिठाचा डबा त्यांनी हलवला आणि मागची सिगारेटची डबी खाली पडली. "कुणाची?" म्हणाले. मी स्टोव्हकडे तोंड करून उभी होते. दूध उतू जाईल म्हणून पाहते आहे असं दाखवत होते. स्टोव्ह पेटवलेलाही नव्हता. तू म्हणालीस, "माझी."

त्याच संध्याकाळच्या गाडीनं त्यांनी तुला गावी नेलं. तुझी पुस्तकं मी नंतर पोत्यात भरून पाठवली. सोबत चिठ्ठी लिहायचं सुचलं नाही, म्हणजे सुचलं होतं, लिहिली नाही. मी शिकले, इथे राहिले, जिभेच्या जोरावर नाव केलं. तू झाडं सांभाळलीस. त्या दिवसाबद्दल तू एकदाही बोलली नाहीस आणि मी त्याला तुझा मोठेपणा म्हणत आले, कारण तसं म्हटलं की माझं काम संपत होतं.

डबी माझी होती. हे आपल्या दोघींनाही माहीत आहे, पण मी ते कधी उच्चारलं नव्हतं.

आता सात दिवस आहेत. मी बोलले तर माझी जागा जाईल, आणि स्फाक्सभर होईल की फौझिया बाथरूममध्ये लपून ओढते. नाही बोलले तर तुझं तेल टाकीत जाईल आणि तू एकदा बोलली नाहीस तशीच परत बोलणार नाहीस. मला तेही ठाऊक आहे. वाईट हेच आहे, की ते ठाऊक असल्यामुळे मला धीर येतो.

फौझिया

स्फाक्स, ८ जानेवारी

लल्ला मबरूका,

काल सांगितलं.

चाखणीच्या खोलीत लसाद, मोख्तार आणि ओलफा तिघंही होते. एकेकट्याला गाठलं असतं तर पुन्हा झाकणांवर बोलले असते, म्हणून तिघांसमोर.

मी म्हटलं, "सहा नंबर पुन्हा चाखायला हवा."

लसाद म्हणाला, "परवा टँकर आहे, फौझिया. कुणाची तक्रार आली का?"

"माझी."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

नळी टेबलावर ठेवली. मोख्तारनं चष्मा वर करून पाहिलं. "हे काय, शाईचं पेन?"

ओलफाला हसू आलं, मग तिनं तोंडावर हात ठेवला. "मादाम, तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. मोरीतलं, सुट्टीतलं, घरच्या चार पेल्यांचं. ओठ खाली ओढून फोड दाखवले. लसाद खिडकीबाहेर पाहत राहिला. म्हणाला, "केव्हापासून?"

"ही सप्टेंबरपासून. त्याआधी सिगारेट, छत्तीस वर्षं."

"छत्तीस?"

मोख्तार म्हणाला, "त्यात ओरडण्यासारखं काय? मला ठाऊक होतं."

"तुला?" मी म्हटलं.

"तेवीस वर्षं एकत्र काम करतो. काम संपलं की दुसऱ्या दिवशी तुझ्या ओढणीला लवंगेचा वास. विचारलं की म्हणायचीस दात दुखतो. इतकी वर्षं कुणाचा दात दुखतो का गं? पडून तरी जातो. पण पेल्यांच्या आधी तू कधी ओढून आली नाहीस, म्हणून मी गप्प बसलो." मग चष्मा खाली घेऊन म्हणाला, "यावेळी मला वास आला नाही. आला असता तर तेव्हाच बोललो असतो."

ओलफा हळूच म्हणाली, "मी चार दिले होते. मला त्यात टोमॅटोच्या पानाचा वास आला होता. वाटलं, मलाच काही कळत नाही."

तिच्या या वाक्यानं मला जे झालं ते जागा जाण्यानं झालं नाही.

लसादनं माझ्याकडून लिहून घेतलं, जागाही काढून घेतली. या हंगामातले माझे सगळे पेले रद्द, सत्तावीस. तुझ्यासकट त्या सगळ्यांचे डबे टाकीपासून बाजूला काढले, टँकर थोडं कमी तेल घेऊन जाईल. आज सूस शहराहून चार चाखणारे आले. मला आत बसता येत नव्हतं, म्हणून अंगणात थांबले. थंडी होती. घाण्याचा आवाज येत होता. ताजं तेल निघत होतं आणि मला त्याचा वास येत नव्हता, हे तुला कसं सांगू? चौतीस हंगाम मी त्या वासात उभी राहिले आहे.

सहा नंबर: फळ पाच, कडवटपणा तीन, तिखटपणा चार, दोष नाही. बाटलीत जाईल, तुझ्या नावानं.

मी जास्त गुण देऊन वर चढवलेले तिघा शेतकऱ्यांचे पेले खाली आले. त्यातला एक शेतकरी फाटकापाशी भेटला. सलाम केला, त्यानं टोपी सारखी केली आणि पुढं गेला.

आज घरी आल्यावर वजदीला फोन केला आणि त्यालाही ओढण्याचं सांगितलं. मग म्हणाला, "अम्मा, बाबांना माहीत होतं का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "बरं." आणि बाळाच्या खोलीला कुठला रंग द्यायचा ते बोलू लागला.

मला उत्तर नको, लल्ला. हे आधीच, जानेवारीच्या आधी, त्याच्याही कितीतरी आधी, सांगायचं होतं.

तुझी फौझिया

स्फाक्स, १७ जानेवारी

लल्ला,

सालेमकाका काल गाडी लावून थेट माझ्या दारात आले. तीन जिने चढले, धापा टाकत होते. म्हणाले, "यावेळी निरोप आहे."

मी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तिनं पत्र वाचलं, घडी केली आणि एकच विचारलं. म्हणाली, तिला विचार, अजून ओढते का?"

"रागानं विचारलं की कसं?"

"बाई, ती दोरीवर कपडे घालत होती. पाठमोरी होती. आणि मी गाडी चालवतो, मला रागातलं काय कळतं? भाकरी दिली एवढं सांगतो."

तर उत्तर. नळी बंद आहे. मोख्तारनं ती मागून घेतली आणि हातोड्यानं फोडली, मग आत काय असतं ते पाहत बसला. डॉक्टर सिहेमनं दंडावर लावायच्या पट्ट्या दिल्या आहेत, त्या लावते. ओठावरचे दोन फोड भरले, एक भरत आला आहे. जिभेच्या कडेचा तसाच आहे. गुरुवारी त्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवणार आहेत. तुला कळवळा यावा म्हणून हे लिहीत नाही. तू विचारलंस त्याच्या शेजारचंच आहे, आणि काही वगळायचं नाही असं ठरवलं आहे.

सिगारेट ओढली. सोमवारी एक, मंगळवारी दोन, पट्टी लावलेली असतानाच. मंगळवारची एक, घरी आलेल्या वजदीसमोर, स्वयंपाकघराची खिडकी उघडून. तो उठून दुसऱ्या खोलीत गेला, थोड्या वेळानं परत आला आणि खिडकी आणखी उघडी केली. काल सकाळी एक. त्यानंतर नाही.

आज अजून एकही नाही. आता दुपारचे साडेतीन वाजले आहेत. सालेमकाकांची गाडी चारला भरते, त्याआधी हे त्यांच्या हातात द्यायला हवं. पत्र तुझ्याकडे पोहोचेल तेव्हाचं मी आत्ता सांगू शकत नाही. तेव्हाचं तू तेव्हा विचार.

फौझिया